पहिला चहा शेवटच्या घरी

मॅडमच्या गळ्यात स्टेथोस्कोप मी कधी पाहिला नाही. शिंप्याची टेप असायची. पिवळी, कडा झिजलेली, मधले आकडे पुसट झालेली. जाफराबादच्या बाजारातून त्या चालू लागल्या की एखादी बाई हमखास अडवायची.

"बाई, ब्लाउज शिवता का?"

"शिवत न्हाई. नुसती मापं घेते."

"कशाची?"

"गावाची."

विचारणारी हसायची. मॅडम हसायच्या नाहीत, कारण त्यांनी खरं तेच सांगितलेलं असायचं.

सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी सगळी नोकरी एकच विषय शिकवला: एका माणसाचा ताप मोजता येतो, तसं अख्ख्या वस्तीचं आरोग्य मोजायचं कसं, आणि एका गल्लीत माणसं जास्त आजारी का पडतात नि दुसऱ्या गल्लीत कमी का. निवृत्त झाल्यावर त्या जाफराबादला, आपल्या गावी परतल्या आणि तालुक्यातल्या काही गावांची आरोग्य पाहणी त्यांनी अंगावर घेतली. घरोघर फिरायला आम्ही तीन-चार तरुण मुलं-मुली होतो. त्यातली मी वडीगोद्रीची.

आमच्या घरात पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. वडील चळवळीतले. मोर्चातून उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी पाढे लिहिले आणि छापलेल्या बाजूवर वाचायला शिकले. त्यामुळे माझा पहिला अहवाल कसा होता ते सांगायला नको. 'भीषण', 'अमानुष', 'निर्लज्ज', सगळी मंडळी हजर होती. मॅडमनी कागद मांडीवर घेतला, शेंगा सोलाव्यात तसं एकेक विशेषण खुडलं आणि कागद परत दिला.

"विशेषणं काढ, माणसं घाल."

"मॅडम, मग राग कुठं ठेवू?"

"आकड्यात ठेव. तिथं जास्त टिकतो."

मी भांडले. त्यांना भांडणारी माणसं आवडायची. भांडण संपलं की त्या पिशवीतून स्टीलचा डबा काढायच्या, त्यात लाल मिरचीचा ठेचा असायचा, आणि समोरच्याला ज्वारीच्या भाकरीबरोबर तो खायला लावायच्या. ठेचा खाऊन डोळ्यांत पाणी आलं की म्हणायच्या, "हां, आता बोल तुझा मुद्दा." त्या अवस्थेत मुद्दा मांडून दाखवणं सोपं नव्हतं.

त्यांच्या सवयी सांगायला बसलं तर आधी वजनकाटा सांगितला पाहिजे. आमच्याकडे लेकरांना नि बायांना तोलायला एक छोटा काटा होता. तो बरोबर चालतोय की नाही हे पाहायला त्या दर सोमवारी कापसाच्या व्यापाऱ्याकडे जायच्या आणि कापूस मोजायच्या मोठ्या काट्यावर स्वतः उभ्या राहायच्या. आधी आमच्या काट्यावर, मग त्याच्या. व्यापारी सवयीनं वजन मोठ्यानं ओरडायचा आणि त्याचा माणूस सवयीनं विचारायचा, "ओलावा किती?" मॅडम शांतपणे सांगायच्या, "ओलावा भरपूर हाय. पण भाव पाडू नका." मग दोन्ही काट्यांचा आकडा जुळला की आठवडा सुरू.

गावात त्या कधीही पुढून शिरल्या नाहीत. जीप गावाच्या फाट्यावर थांबली की बाकीचे उतरायचे, मॅडम बसून राहायच्या.

"मॅडम, गाव आलं," जीपवाला म्हणायचा.

"म्हाईत हाय. फुडं घे."

"फुडं गावच न्हाई."

"माणसं हायेत ना? मंग घे."

गाव संपून गेलं, सिमेंटचा रस्ता संपला, की जिथं शेवटचं घर असेल तिथं त्या उतरायच्या. त्यांचा एकच पक्का नियम होता: पहिला चहा शेवटच्या घरी. तो चहा प्यायल्याशिवाय वाटेत कुणीही, अगदी कुणीही, बोलावलं तरी त्या कप हातात घेत नसत. मग तिथून घरं करत करत उलट्या चालत त्या गावाच्या मधोमध यायच्या. तोवर दुपार झालेली असायची, आणि मोठ्या घरातले लोक कपबशा मांडून, बिस्किटांचे पुडे फोडून, त्यांची वाट पाहून कंटाळलेले असायचे.

"चहा झाला," मॅडम सांगायच्या.

"कुठं झाला?"

"वस्तीवर. आजीकडं."

मग एक शांतता पसरायची. काही घरांत ती लगेच मोडायची. काही घरांत लांबायची. माझं डोकं तापायला ती पुरेशी असायची. मॅडम मात्र आरामात टेपचं टोक बोटाला गुंडाळत बसायच्या, जणू त्या शांततेचंही माप घेताहेत. नंतर म्हणायच्या, "आता तुमच्या घरचं पाणी द्या, तहान लागली." आणि तांब्याभर पाणी पिऊन टाकायच्या.

घरात त्या खुर्चीवर बसत नसत. सरळ स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बैठक मारायच्या. फॉर्ममध्ये नसलेले दोन प्रश्न त्यांचे ठरलेले होते. पहिला, "काल घरात शेवटी कोण जेवलं?" उत्तर सगळीकडे एकच. पत्र्याचं घर असो की भिंतीएवढा टीव्ही असलेलं घर असो, शेवटी सून जेवलेली असायची. मॅडम मला म्हणायच्या, "पाह्य, इथं अख्खं गाव एक हाय." मग दुसरा प्रश्न, "आणि तिच्यासाठी उरलं काय होतं?" तिथं मात्र गाव फुटायचं. कुठं वरणभात, पालेभाजी आणि दही उरलेलं असायचं. कुठं अर्धी भाकरी आणि कालवणाचं पाणी. महिन्याभरानं आम्ही बायांचं रक्त तपासलं, तेव्हा कुणाच्या अंगात रक्त कमी निघणार हे आम्हाला त्या दुसऱ्या प्रश्नानंच सांगून ठेवलं होतं.

"लोहाच्या गोळ्या देऊच," मॅडम म्हणायच्या. "पण गोळी एकटी काय काय करंल? तिलाबी शेवटच्याच ताटात बसायचं असतंय."

सरासरी या शब्दावर त्यांचा विशेष राग होता. आयुष्यभर सरासऱ्या काढून काढून आलेला तो राग होता, त्यामुळे खरा होता. "सरासरी म्हंजे झाकण," त्या म्हणायच्या. "पातेल्यावर झाकण चांगलंच. पण आत काय शिजून राह्यलं ते पाहायचं असंल तर उचलावं लागतंय."

ते झाकण आम्हीच एकदा घट्ट बसवलं होतं. त्याची ही गोष्ट.

एका गावाचे दोन भाग होते. रस्त्यालगत गाव, आणि ओढ्यापल्याड वस्ती. वस्तीत धनगरांची घरं, त्यांना लागून आमच्या बौद्ध लोकांची. सगळ्यात शेवटचं घर एका आजीचं, म्हणून पहिला चहा तिथं. त्या चहात साखर इतकी असायची की चमचा उभा राहावा. मॅडमना स्वतःला मधुमेह होता. त्या मुकाट पीत. "पाहुण्याला द्यायला हिच्याकडं एवढंच हाय, आणि ती ते हात आखडून देत न्हाई," एवढंच म्हणत, आणि घरी गेल्यावर दोन दिवस कारल्याचा रस पीत.

आजीची सून रेखा तेव्हा पोटुशी होती, सातवा लागला होता. पहिली मुलगी तीन वर्षांची. तिचं शाळेतलं नाव काही वेगळंच आहे, पण सगळे तिला लिंबी म्हणतात, कारण ती ओढ्याच्या काठी कडुलिंबाच्या झाडाखाली जन्मली. रेखाला कळा सुरू झाल्या तेव्हा घरच्या बाया तिला धरून रस्त्याकडे निघाल्या होत्या. सिस्टर रस्त्यावरच्या ग्रामपंचायतीच्या खोलीत बसायच्या. तिथवर पोचायच्या आत लिंबी येऊन पोचली.

"मॅडम," रेखा चहा देताना म्हणाली, "ह्या टायमाला लेकराचं नाव झाडावरनं ठेवायचं न्हाई."

ती हसून म्हणाली, पण कप देताना तिनं मॅडमचं बोट धरलं आणि जरा वेळ सोडलं नाही.

त्याच सुमारास गावाला आरोग्य उपकेंद्राची इमारत मंजूर झाली. जागा ग्रामसभेनं ठरवायची होती, आणि वस्तीतल्या बायांना ती ओढ्यापल्याड हवी होती. गावाच्या सरपंच एक बाई होत्या, कागदावर. खुर्चीत त्यांचे यजमान बसत. त्यांना सगळे भाऊ म्हणत. सरपंचबाई सतरंजीवर, बायांच्या मागं, डोक्यावर पदर घेऊन बसत आणि दाखवतील तिथं सही करत. भाऊ माणूस दिलदार, हसरा, पहाटे उठून पळायला जाणारा. पण उपकेंद्र त्यांना रस्त्यालाच हवं होतं, स्वतःच्या भावाच्या हॉटेल-दुकानांना लागून. पेशंट आले की हॉटेलही चालेल, असा साधा हिशेब.

ग्रामसभेत भाऊंनी एक कागद वर धरला. तो आमचाच होता. पाहणीचे पहिले तक्ते.

"मॅडमच्याच कागदात लिहिलंय," भाऊ म्हणाले. "दवाखान्यापर्यंत, म्हंजे सिस्टरच्या खोलीपर्यंत, पोचायला गावाला लागतात दोन-तीन मिन्टं. गावालाबी तेवढीच, वस्तीलाबी तेवढीच. सगळं बराबर हाय. मंग ओढ्यापल्याड कशाला न्यायचं?"

मी उठणार होते. तोंडात भाषण तयार होतं. मॅडमनी माझ्या ओढणीचं टोक धरून मला खाली बसवलं. त्यांनी कागद मागून घेतला, चष्मा कपाळावर सरकवून वाचला, आणि मग त्या इतक्या मोठ्यानं हसल्या की ग्रामसेवकांनी लिहिणं थांबवलं.

"भाऊ, हा प्रश्न मी लिहिला. चुकीचा लिहिला," त्या म्हणाल्या. "दवाखान्यात जायला किती वेळ लागतो, असं विचारलं. उत्तर कोणी दिलं? पारावर बसलेल्या बाप्यांनी. ते कशानं जातात?"

"गाडीनं," मागून कुणीतरी बोललं. "किक मारली, गाडीवाटेनं फिरून आलो की पोचलो."

"बराबर. म्हंजे ही सगळी मिन्टं मोटारसायकलवर बसून आलीत. आता मला सांगा, ह्या गावात पोटुशी बाई मोटारसायकल चालवती का?"

बायांच्या बाजूला खसखस पिकली. भाऊ डगमगले नाहीत.

"चालत तरी किती हाय मॅडम? मी रोज त्याच्या चौपट पळतो. वस्तीवरून इथं पळत येऊन दाखवतो, बोला."

"पळू नका, चालत या," मॅडम म्हणाल्या. "पण रेखासारखं या."

पोरांनी मोबाइल बाहेर काढले, तेव्हा भाऊंना माघार घ्यायची वाट राहिली नाही. जवळजवळ सगळी ग्रामसभा उठून वस्तीवर गेली. आजीनं घरातून ज्वारीचं गाठोडं आणलं. मॅडमनी गळ्यातली टेप काढून रेखाच्या पोटाचं माप घेतलं, मग भाऊंच्या पोटावर गाठोडं लावून तेवढं भरेपर्यंत ज्वारी घातली. आजीनं जुन्या लुगड्यानं ते कसून बांधलं.

"आजी, जरा ढिलं," भाऊ म्हणाले.

"लेकरू ढिलं नसतंय, बापू," आजी म्हणाली आणि आणखी एक गाठ मारली.

मग मॅडमनी लिंबीला उचलून त्यांच्या कडेवर दिलं. "घरी कोणाजवळ ठेवणार? सोबतच असती ती." लिंबीला ही व्यवस्था फार आवडली. तिनं एका हातानं भाऊंची मिशी धरली आणि चला म्हणाली.

वस्तीतल्या एका म्हाताऱ्या धनगरानं आतून ढोल आणला. का आणला हे त्यालाही सांगता आलं नसतं. पण भाऊ निघाले आणि मागं ढोल निघाला, ढोलामागं पोरं, पोरांमागं बाया, आणि दोन-तीन मेंढ्या सवयीनं. पहिली शंभरेक पावलं भाऊ झोकात चालले. हात हलवत, टाटा करत. मग ओढ्याची उतरण आली. गाठोड्यामुळे त्यांना स्वतःचे पाय दिसेनात. दगडावर पाय टाकायचा तर दगड कुठं आहे ते कळेना. गुडघ्याखाली पाणी, कडेवर लिंबी, आणि लिंबी मिशी सोडेना.

"भाऊ, डावीकडं दगड हाय."

"कोणता डावीकडं?"

"तुमच्या डावीकडं. न्हाई न्हाई, तो शेवाळाचा."

पलीकडचा चढ चढून ते वर आले आणि समोरच्या झाडाच्या बुंध्याला टेकून खाली बसले. घामानं न्हाऊन निघाले होते. ढोल थांबला.

"हाच तो लिंब," आजी म्हणाली.

भाऊंनी मान वर करून झाडाकडं पाहिलं, मग कडेवरच्या पोरीकडं. लिंबीनं मिशी सोडली आणि झाडावर थाप मारून सांगितलं, "माझं हाय."

आजीनं शांतपणे पदरानं भाऊंचा घाम पुसला. "बसा, बसा. ह्या जागेला सवय हाय. सगळ्यांनाच इथं बसावं लागतंय."

आधी सरपंचबाईंची जाऊ हसली, मग सगळे. भाऊसुद्धा. हसता हसता त्यांना गाठोड्यामुळे उठता येईना, दोघांनी धरून उठवलं.

ग्रामपंचायतीच्या दारात पोचल्यावर ते कमरेवर हात देऊन उभे राहिले. "मॅडम, जमलं का न्हाई?"

"जमलं," मॅडम म्हणाल्या. "आता कळा सुरू झाल्या असं समजा, आणि पावसाळी वाहता ओढा हाय असं समजा. आणि परत या."

भाऊ सवयीनं आपल्या खुर्चीकडं वळले. खुर्चीत सरपंचबाई बसल्या होत्या.

सगळे वस्तीवर गेले तेव्हा त्या मागंच राहिल्या होत्या. केव्हा उठल्या, केव्हा जाऊन बसल्या, कुणी पाहिलं नाही. पदर डोक्यावरच होता. समोर ग्रामसेवक पेन धरून बसले होते.

"तुम्ही बसा खाली सतरंजीवर," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "दमले असाल." मग ग्रामसेवकांकडं वळून, "लिहा. उपकेंद्र ओढ्यापल्याड. आणि इमारत होईस्तोवर सिस्टरनी वस्तीवरच्या शाळेच्या मोकळ्या खोलीत बसायचं, उद्यापासून. हरकत असंल तर आत्ताच बोला. पण बोलायच्या आधी गाठोडं बांधून ओढा वलांडून या."

भाऊ सतरंजीवर बसले. पोटावरचं गाठोडं अजून सुटलं नव्हतं, आजीच्या गाठी तशा होत्या. त्यांनी सगळ्यांच्या आधी हात वर केला.

मी आजवर शंभर सभा ऐकल्या असतील, क्रांतीवरची भाषणं पाठ आहेत. पण खुर्ची अशी रिकामी होते आणि अशी भरते, हे मी त्या दुपारी पाहिलं. त्याचा अहवाल लिहिला तेव्हा एकही विशेषण घातलं नाही. मॅडमनी वाचला आणि ठेचा न देता परत केला, म्हणजे पास.

सिस्टर दुसऱ्या दिवसापासून शाळेच्या खोलीत बसू लागल्या. रेखाचा रक्तदाब चढतोय हे त्यांना तिथंच, घरापासून चार दारांवर, वेळेत कळलं. तारखेच्या आधीच तिला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. मुलगा झाला. गादीवर, छताखाली. बारशाला भाऊ आणि सरपंचबाई दोघं आले. भाऊंनी ज्वारीचं गाठोडं भेट आणलं, आणि वस्ती पुन्हा एकदा पोट धरून हसली.

"आता ह्याचं नाव काय?" मी आजीला विचारलं. "झाडाचं तर न्हाई?"

"खाटंवर झाला," आजी म्हणाली. "खाट्या म्हणावं म्हणते, पण ही सून ऐकती का?"

इमारत व्हायला वेळ लागला, पण झाली. पाहणीच्या दुसऱ्या फेरीला आम्ही गेलो तेव्हा मॅडमचे गुडघे कुरकुरायला लागले होते. आता तर त्या गुडघ्यांनी पूर्ण संप पुकारलाय आणि मॅडम जाफराबादच्या घरात बसून असतात. मला रविवारी फोन करतात, तब्येत विचारत नाहीत, "आज चहा कुठं घेतला?" एवढंच विचारतात. पण त्या दिवशी त्या आल्या होत्या. टेप गळ्यात, पिशवीत डबा. जीप गावापुढून नेली, वस्तीच्या टोकाला उतरलो, आणि आजीच्या दारात जाऊन बसलो.

आजी चुलीपाशी जाईना. लिंबी आणि तिचा भाऊ आमच्याभोवती खेळत होते. बराच वेळ गेला.

"आजी, चहा?" शेवटी मॅडमनीच विचारलं.

"आमच्याकडं कशाला?" आजीनं तोंड वळवून हसू लपवलं. "आम्ही आता शेवटचे राह्यलो न्हाई. फुडं जा."

घराच्या पलीकडं उपकेंद्राची नवी भिंत उन्हात चमकत होती. मॅडमनी मान वळवून तिकडं पाहिलं. मग पहिल्यांदा, माझ्या देखत पहिल्यांदाच, त्या कुणाच्या तरी हातून हरल्यासारख्या हसल्या. "बराबर हाय," म्हणाल्या आणि उठल्या. आजीही मागं आली, लिंबीही आली.

सिस्टरनी चहा केला. बिनसाखरेचा. "तुमची शुगर मला माहीत आहे मॅडम," त्या म्हणाल्या. मॅडमनी कप उचलला, वास घेतला, तोंड वाकडं केलं. कप ओठांपर्यंत गेला आणि थांबला. त्या खिडकीतून बाहेर पाहत होत्या.

उपकेंद्राच्या मागं, शेतांच्या पार टोकाला, धुराची बारीक रेघ वर जात होती.

"सिस्टर, तिथं कोण हाय?"

"वीटभट्टीवर आलेली माणसं आहेत. पालं टाकलीत. बाहेरगावची आहेत, आपल्या यादीत नाहीत."

मॅडमनी कप खाली ठेवला, वर बशी झाकली. टेप नीट गळ्यात घेतली, चपला पायात सरकवल्या.

"मॅडम, चहा तरी घ्या. गार होईल."

"होऊ द्या," त्या पायरी उतरत म्हणाल्या. "येताना घेते."

मी वजनकाटा खांद्याला लावला. आजी मागून ओरडली, "तिथं साखर असंल का न्हाई, कोण जाणे," आणि कनवटीला बांधलेली पुडी सोडून तिनं लिंबीच्या हाती दिली. लिंबी ती पुडी उंच धरून आमच्या पुढं पळत सुटली, धुराच्या दिशेनं.